केशवरावांनी पारखलेलं ग्राफिक्स कार्ड

“ग्राफिक्स कार्डाबद्दल अख्ख्या सौंसरात कोणाले काही विचाराचं असन, तं मले विचारा!” वैभवने बायकोसमोर छाती ठोकली. आणि बोलण्यात दम होता बरं! पठ्ठ्याने पंधरा दिवसांत यूट्यूबवरचे चाळीस व्हिडिओ पाहिले होते. ज्याचा कॉम्प्युटर एक गाणं चालवताना तीनदा हँग होतो, त्याने चाळीस व्हिडिओ कसे पाहिले, असं विचारू नका. मोबाइलवर पाहिले!

“लोकं विचारतीन तवा विचारतीन,” अमिता मेथी निवडता निवडता म्हणाली. “वत्सलाबाईच्या पोरीची फिलम रविवारी होऊन राहिली का नाही, ते सांगा पहिले.”

झालं! वैभवची छाती जागेवर आली. वत्सलाबाई म्हणजे रिटायर हेडमास्तरीणबाई. त्यांच्या रूपालीच्या लग्नाचं शूटिंग वैभवने केलं होतं, आणि रविवारी पांढुर्ण्याच्या लॉनवर, रिसेप्शनला, मोठ्या पडद्यावर ती फिल्म दाखवायची होती. बाईंनी शुद्ध मराठीत बजावलं होतं, “जमत नसेल तर आत्ताच सांग. मी नागपूरच्या माणसाला देते.” त्यात घरी अमिताशी बोली झाली होती की ही फिल्म हुकली तर स्टुडिओचं शटर खाली आणि वैभव साळ्याच्या खताच्या दुकानात! दहा वर्षं हाडाची काडं करून उभा केलेला स्टुडिओ! खताच्या नुसत्या वासाने त्याला रडू यायचं.

स्टुडिओ बसस्टँडजवळ, वर टिनाचं छप्पर, महिना एप्रिल. दोन क्लिपा जोडल्या की कॉम्प्युटर बंद! इलाज वैभवने कधीच ठरवला होता: व्हिडिओचं काम झपाट्याने करणारं नवं ग्राफिक्स कार्ड!

“प्रणालीले विचारा ना एक डाव,” अमिता म्हणाली. प्रणाली म्हणजे संत्र्याचा धंदा करणाऱ्या केशवरावकाकांची पोरगी, नागपुरात कॉम्प्युटर इंजिनियरिंगला.

“अवं, कालची पोट्टी ते! तिले काय विचाराचं?”

पोरीला विचारलं नाही, पण पोरीच्या बापाला सोबत घेतलं. कारण भावताव! केशवरावांनी संत्र्याच्या बगीच्याला नुसता एक फेरा मारला, की किती क्रेट माल निघणार ते सांगायचे, आणि पाच-दहा क्रेटांपलीकडे कधी चुकायचे नाहीत.

नागपूरच्या दुकानात पोऱ्यागत दिसणाऱ्या सेल्समनने तीन कार्डं काउंटरवर मांडली आणि मेमरी, कोअर, अमुक, ढमुक सुरू केलं. वैभवही चाळीस व्हिडिओंच्या जोरावर तोडीस तोड बोलू लागला. केशवरावांनी बाह्या सरसावल्या. मग त्यांनी एकेक कार्ड उचललं, तळहातावर तोललं, कानाजवळ नेऊन हलवलं.

“हे पोचट आहे,” पहिलं बाजूला. “हे बी तसंच.” तिसरं उचलताना मात्र त्यांचा चेहरा खुलला. “हे घे वैभव! जड आहे. जड फळातच रस असते.”

“काकाजी, हे संत्र नाही ना!”

“अबे, निसर्गाचा नियम आहे तो!”

आणि गंमत पाहा, वैभवने चाळीस व्हिडिओ पाहून जे ठरवलं होतं, नेमकं तेच कार्ड निघालं! केशवरावांनी मग खांद्यावरचा दुपट्टा सेल्समनच्या हातावर टाकला आणि बैलबाजारात भाव ठरवतात तशी खालून त्याची बोटं दाबायला सुरुवात केली. “अहो काका, दुखतंय!” तो ओरडला. मालक धावत आला. तोवर केशवरावांनी दीड हजार कमी करून घेतले होते.

संध्याकाळी सौंसरात, स्टुडिओत, शुभमुहूर्त! वैभवने कॉम्प्युटरचं कॅबिनेट, म्हणजे डबा, उघडलं, कार्ड आत घातलं... आणि कार्ड वीतभर बाहेर! चाळीस व्हिडिओ पाहिले, पण पट्टी घेऊन डबा कोणी मोजला होता?

वैभव मटकन खाली बसला. “संपलं, काकाजी! उद्यापासून युरिया!”

“संपलं कायले? डबा लहान असन तं डबा बदलव!” म्हणत केशवराव घरी गेले आणि दोन वस्तू घेऊन आले. एक संत्र्याचा प्लास्टिकचा क्रेट, आणि एक फवारणीचा ब्लोअर. अर्थात रिकामा!

“काकाजी, हे काय करून राहिले?”

“कचरा पाह्य ना त्यात! तूर पेरली तं उगवन!” आणि त्यांनी ब्लोअर चालू केला. दहा वर्षांची धूळ बसस्टँडपर्यंत गेली. छिंदवाड्याच्या गाडीतले प्रवासी शिंकले! मग सगळे अवयव क्रेटमध्ये मांडून सुतळीने बांधले. “चहूकडून हवा लागते यात. हवा नाही लागली तं माल सडते.”

बटण दाबलं. कार्डावर लाल-निळे दिवे लागले. वैभवने भीत भीत दोन क्लिपा जोडल्या. चार जोडल्या. चाळीस जोडल्या. मशीन हूं की चूं नाही! शनिवारी दुपारी फिल्म तयार!

रविवारी लॉनवर काय सांगू तुम्हाला! पडद्यावर रूपालीची पाठवणी लागली आणि ज्यांनी तीस वर्षं पोरांना रडवलं, त्या वत्सलाबाई स्वतः रडल्या! तिथल्या तिथे चार लग्नांची कामं मिळाली. अमिताने भावाला फोन लावून सांगितलं, “दुकानात दुसरा माणूस पाह्य रे बापा, आमचे काही येत नाहीत!”

पांढुर्ण्याचा अंकुश फोटोवाला तर हात जोडून पुढे आला. “भाऊ, कोणतं कार्ड टाकलं?” वैभवने त्याला तासभर व्याख्यान दिलं. अंकुशने दुसऱ्याच दिवशी तेच कार्ड आणलं.

आठ दिवसांनी प्रणाली सुट्टीत आली. क्रेट पाहून आधी पोट धरून हसली, मग मागून वाकून पाहू लागली.

“दादा, मॉनिटरची वायर जुन्याच जागी लावून आहे, नव्या कार्डाले नाही. आणि सॉफ्टवेअरबी जुन्याच चिपवर चालू आहे.”

“म्हणजे?”

“म्हणजे या कार्डानं आतापर्यंत फक्त लाइट लावले! तुझं मशीन धुळीनं आन् गरमीनं बंद पडून राहिलं होतं. बाबांनी साफ केलं, हवा लागली, चाललं. सगळी फिलम जुन्याच मशीनवर झाली!”

वैभवने दोन्ही हातांनी डोकं धरलं. केशवरावांनी मात्र मांडीवर थाप मारली. “भल्ले बहाद्दर! म्हणजे आपलं फळ अजून झाडावरच आहे!”

प्रणालीने वायर बदलली, सेटिंग बदललं, आणि मशीन असं पळालं की वैभवने खुर्ची घट्ट धरली. तेवढ्यात फोन वाजला. अंकुश!

“वैभवभाऊ, तुमी सांगतलं तेच कार्ड टाकलं. तरी हँग होऊनच राहिलं! काय चुकलं माह्यं?”

वैभवने प्रणालीकडे पाहिलं. केशवरावांकडे पाहिलं. घसा साफ केला.

“कार्ड एकदम बरोबर आहे, अंकुशभाऊ,” तो गंभीर आवाजात म्हणाला. “फक्त मले एक सांगा, घरी संत्र्याचा रिकामा क्रेट आहे काय?”