साहेबांचा रिव्हर्स

आपली गाडी आपल्याच इमारतीच्या खांबावर घातल्यावर माणसाने काय करावं, हे साहेबांना ठाऊक नव्हतं. दुसऱ्या कुणी घातली असती, तर काय करायचं ते त्यांनी झोपेतसुद्धा सांगितलं असतं. लाल पेनने एक आडवी रेघ, खाली सही आणि "पुढच्या महिन्यात या." सगळी नोकरी त्यांनी लायसन्सच्या परीक्षा घेण्यात घालवली होती. रिव्हर्स घेताना चाक पांढऱ्या पट्टीला नुसतं लागलं, तरी ते माणसाला घरी पाठवत. रडणारे, ओळखी सांगणारे, वरून फोन आणणारे, सगळे सारखेच नापास. निवृत्त होऊन वर्षं लोटली, तरी इमारतीतलं कुणीही त्यांच्यादेखत गाडी मागे घेत नसे. साहेब जिना चढून दिसेनासे होईपर्यंत लोक इंजिन चालू ठेवून थांबून राहत.

आणि आता त्यांच्याच गाडीचा मागचा बंपर आत गेला होता. खांबाच्या पिवळ्या पट्ट्याचा रंग त्याला लागला होता आणि साहेब पार्किंगमध्ये एकटेच उभे होते. त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. खरं तर हे त्यांनी गाडी मागे घेण्यापूर्वी करायला हवं होतं. कुणी नव्हतं. वॉचमन चहाला गेला होता. साहेबांनी गाडी पुढे घेऊन आपल्या जागेवर व्यवस्थित लावली, कपाळ पुसलं आणि वर जाऊन बायकोला सांगितलं, "कुणीतरी ठोकून गेलं!"

"कुणाला?" भाजी निवडता निवडता बायकोने विचारलं.

"गाडीला! उभ्या गाडीला! काही लाजलज्जा उरलीय का लोकांना?"

"पण तुम्ही आत्ता गाडी घेऊनच आलात ना?"

"आलो म्हणजे... आलो होतो आधीच. मग पुन्हा खाली गेलो. बघायला."

"काय बघायला?"

"गाडी!"

बायको पुन्हा भाजी निवडायला लागली. कुठला प्रश्न लगेच विचारायचा आणि कुठला मुरवत ठेवायचा, हे तिला इतक्या वर्षांच्या संसारात बरोबर कळलं होतं.

साहेबांनी विमा कंपनीला फोन लावला. त्यांचा कॉल कंपनीसाठी अत्यंत महत्त्वाचा आहे, असं एका यंत्राने सांगितलं आणि ते महत्त्व चांगलं पटेपर्यंत बासरी ऐकवली. मग एक मुलगी आली.

"अपघाताच्या वेळी गाडी कोण चालवत होतं, सर?"

उत्तर एका अक्षराचं होतं. पण तेवढं एक अक्षर साहेबांच्या तोंडून फुटेना. "कोणीच नाही," ते म्हणाले. "उभी होती."

"म्हणजे अज्ञात वाहन. मग सोसायटीचं पत्र लागेल, कॅमेऱ्याचं फुटेज लागेल, सर्व्हेअर येऊन पाहणी करतील. तुम्ही स्वतः चालवत असता, तर नुसत्या फोटोवर काम झालं असतं, सर."

"हो का," साहेब म्हणाले.

गॅरेजमधल्या मिस्त्रीने गाडी पाहिली. रोगी साधा असला, तरी नातेवाईक पैसेवाले आहेत हे कळल्यावर डॉक्टर जसा पाहतो, तशी पाहिली. "बंपर नवा टाकावा लागेल," तो म्हणाला. "आतली पट्टी नवी. डिकी रंगवायची. आणि दोन्ही बाजूंचे दरवाजे."

"दरवाजे? दरवाज्यांना काय झालंय?"

"आज काही नाही झालेलं. पण मागचं सगळं नवं दिसायला लागलं, की दरवाजे जुने दिसणार. आणि तुमचं काय जातंय, साहेब? कंपनी देणार."

सोसायटीचं पत्र मागायला साहेब सेक्रेटरींकडे गेले आणि तिथे खरी आफत ओढवली. पाण्याची टाकी आणि लिफ्टचं बिल यापलीकडचा एखादा विषय हाती यावा, म्हणून सेक्रेटरी बरीच वर्षं आस लावून बसले होते. ते ताडकन उठले. "तुमच्या गाडीला? साहेब, हा तुमच्यावर नाही, आख्ख्या सोसायटीवर हल्ला आहे!"

"अहो, नुसतं एक पत्र द्या..."

"पत्र काय, माणूस हजर करतो!"

कॅमेऱ्याचं फुटेज तपासलं, तेव्हा असं निघालं, की सर्व सदस्यांच्या वर्गणीतून बसवलेला कॅमेरा फक्त सेक्रेटरींच्या गाडीवर रोखलेला आहे. त्यावर त्यांनी चर्चा होऊ दिली नाही. सोसायटीच्या ग्रुपवर त्यांनी लिहिलं, 'आदरणीय साहेबांच्या उभ्या गाडीला धडक देऊन पळालेल्या भेकडाने पुढे यावे.' आणि कंपनीचा माणूस येणार, तर पार्किंग जरा बरं दिसावं म्हणून त्यांनी त्याच संध्याकाळी सगळे खांब पांढरेशुभ्र रंगवून घेतले.

कोण कशाला येतंय, असं साहेबांनी मनाशी धरलं होतं. जे घडलंच नाही, ते कबूल करायला कोण येणार? दोन दिवसांत लोक विसरतील, पत्र मिळेल, प्रकरण मिटेल. पण दुसऱ्याच दिवशी सकाळी दाराची घंटा वाजली. दारात बँकेतला कॅशियर मान खाली घालून उभा होता.

"साहेब, मीच असणार. मागच्या आठवड्यात गाडी मागे घेताना काहीतरी टेकल्यासारखं वाटलं होतं. मी उतरून बघितलंच नाही. हिंमत झाली नाही हो."

तो जातो न जातो तोच वरच्या मजल्यावरच्या गायनाच्या बाई आल्या. त्यांनी दिवाळखोरासारखा चेहरा करून सांगितलं, की गाडीच्या पुढच्या डाव्या कोपऱ्यावरचा ओरखडा त्यांचा आहे, आणि तसाच उजवीकडचाही. साहेबांच्या भीतीने लोक थांबून राहायचे आणि साहेब वर गेले रे गेले, की सगळे एकदम घाईने गाड्या काढायचे. त्या घाईत साहेबांच्या गाडीने निम्म्या इमारतीचा मार खाल्ला होता.

खरं तर साहेबांनी इथे शरमून जायला हवं होतं. पण माणूस मोठा विलक्षण प्राणी आहे. ते खुर्चीत ताठ बसले आणि त्यांनी दोघांनाही सुनावलं. "आरसा बघायचा असतो, आरसा! तो काय केस विंचरायला लावलाय?" कबुलीजबाब ऐकता ऐकता बंपरसुद्धा दुसऱ्याच कुणीतरी आत घातला असावा, असं त्यांना मनापासून वाटू लागलं.

मग तळमजल्यावरची नर्स आली. तिची छोटीशी पिवळी गाडी सगळ्यांना ओळखीची होती. "काका, माझ्या गाडीचा कोपरा घासलाय," ती म्हणाली. "कुठे ते आठवत नाही. रात्रपाळी करून येते, तेव्हा डोळे उघडत नसतात. तुमच्या बंपरवर पिवळा रंग आहे म्हणतात. म्हणजे मीच असेन."

तिला आरशाबद्दल सुनावायला साहेबांची जीभ उचलली नाही. "असू दे, असू दे," एवढंच ते पुटपुटले. पण तिच्या मागेच उभ्या असलेल्या सेक्रेटरींना ते पुरेसं होतं. गुन्हेगार सापडला होता.

नर्ससकट सगळी मंडळी पार्किंगमध्ये जमली आणि सर्व्हेअर आला. तरुण होता, गळ्यात कॅमेरा, हातात पॅड. साहेबांना पाहताच तो शाळेतल्या मुलासारखा सावरून उभा राहिला.

"सर, ओळखलंत? तुम्ही मला तीनदा नापास केलं होतं."

"कशात?" साहेबांनी सवयीने विचारलं.

"रिव्हर्समध्ये. तेव्हा फार राग आला होता. पण आज कुठेही गाडी लावतो ना सर, ती तुमच्या कृपेने." त्याने बंपर पाहिला, पिवळी गाडी पाहिली, दोन्हीचे फोटो काढले. "केस सरळ आहे. कंपनी तुमचा खर्च देईल आणि या मॅडमकडून वसूल करेल. फक्त यांच्याविरुद्ध पोलीस तक्रार द्यावी लागेल. ठोकून न सांगता निघून गेल्याची."

नर्सचा चेहरा उतरला. "पोलीस तक्रार? माझं कायम व्हायचं चाललंय हो हॉस्पिटलमध्ये. तक्रार निघाली, तर नाही करणार मला कायम. पण चूक माझी आहे, तर काय बोलू मी?"

उभ्या जन्मात साहेबांनी शेकडो लोकांना रडवलं होतं, पण त्यातल्या प्रत्येकाचं चाक खरोखर पट्टीला लागलेलं होतं. हिचं कशालाच लागलं नव्हतं.

"मी मारली," ते म्हणाले.

"काय मारली?" सेक्रेटरींनी विचारलं.

"गाडी. खांबावर. रिव्हर्स घेताना. मीच."

सेक्रेटरींनी चष्मा काढून डोळे पुसले. "बघा! एका गरीब मुलीसाठी आयुष्यभराच्या नावावर पाणी सोडायला निघाला हा माणूस!"

"अहो, पाणी कसलं? खरं सांगतोय मी!"

"कुठला खांब, सर?" सर्व्हेअरने अदबीने विचारलं.

"हा!"

खांब दुधासारखा पांढरा होता. "पण बंपरवर तर पिवळा रंग आहे, सर."

"काल रंगवला यांनी! सेक्रेटरी, सांगा ना, पट्टे पिवळे होते की नाही?"

"पट्टे होते," सेक्रेटरी म्हणाले. "पण तुम्ही, आणि खांबावर? माझा हात तोडलात, तरी असलं मी लिहून देणार नाही!"

शेवटी साहेबांच्या बायकोला राहवेना. "अहो, खरंच यांनीच मारलीय. मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे."

"वहिनीसुद्धा!" गायनाच्या बाई गहिवरल्या. "काय जोडा आहे!"

सर्व्हेअरने बराच विचार केला. "सर, मला खोटं लिहिता येत नाही. तुम्हीच शिकवलंय. असं करू, त्या दिवशी घेतलीत तशी गाडी मागे घेऊन दाखवा. खांबाकडे जायला लागली, की मी थांबवतो आणि तसं लिहितो. पण मुद्दाम न्यायची नाही हं. ते मला लगेच कळतं."

साहेब गाडीत बसले. लोक दोन्ही बाजूंनी ओळीने उभे राहिले, वरच्या गॅलऱ्यांतून माना बाहेर आल्या. सर्व्हेअरने पेन उघडलं. ते पेन आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या हातात होतं. साहेबांना काही विशेष करायचं नव्हतं. त्या दिवशी जसा गलथानपणा केला, तसाच करायचा होता.

पण माणसं बघत होती. साहेबांची मान आपोआप वळली, डोळे आपोआप आरशाकडे गेले, हातांनी स्टिअरिंग हवं तेवढंच फिरवलं. डब्यावर झाकण बसावं तशी गाडी जागेत बसली. टाळ्यांचा कडकडाट झाला.

"पुन्हा!" साहेब खिडकीतून ओरडले.

पुन्हा घेतली. या वेळी त्यांनी आरशाकडे बघायचंच नाही असं ठरवलं होतं, तर पायाने वेळेवर ब्रेक दाबला. तिसऱ्यांदा तर इतकी देखणी बसली, की सर्व्हेअरने तिचा फोटो काढून घेतला.

"बस, सर. कुणाला फसवताय? खांबावर जाणारा हात नाही हा." त्याने पॅडवर आडवी रेघ मारली. "तुमची गोष्ट काही सिद्ध झाली नाही. आता एक तर या मॅडमवर तक्रार, नाही तर क्लेम मागे."

"मागे," साहेब म्हणाले.

नर्सने दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला. "काका, तुमच्यासारखी माणसं आहेत, म्हणून..." साहेबांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. पण धरणीवर गाडी इतकी सुरेख उभी होती, की तीही विश्वास ठेवायला तयार झाली नसती.

जिना चढताना बायको म्हणाली, "ती परीक्षेला यायची लोकं आठवतात? एकटी असताना बरोबर गाडी घ्यायची आणि तुम्ही बघायला लागलात, की ठोकायची. तुमचं उलटं आहे. कुणी बघत नसलं, की तुम्हाला येत नाही." तिचा आवाज चिडलेला नव्हता. म्हणूनच तो त्यांना जास्त लागला.

दुसऱ्या दिवशी ते गॅरेजमध्ये गेले आणि क्लेम मागे घेतल्याचं त्यांनी मिस्त्रीला सांगितलं.

"म्हणजे खिशातून देणार तुम्ही? मग आधी बोलायचं ना!" मिस्त्रीने किटली चुलीवर ठेवली, उकळतं पाणी बंपरवर ओतलं, खालून हात घालून एक दणका दिला. टप्प आवाज करून बंपर बाहेर आला. पिवळा रंग त्याने पेट्रोलच्या फडक्याने पुसून टाकला. "झालं."

"आणि दरवाजे?"

"कसले दरवाजे? दरवाज्यांना काय झालंय?"

बोलण्यात अर्थ नव्हता. सांगितले तेवढे पैसे देऊन साहेब गाडीत बसले. मिस्त्री त्यांच्याकडे पाठ करून किटली जागेवर ठेवत होता. आवारात दुसरं कुणीही नव्हतं. साहेबांनी रिव्हर्स टाकला. मान वळली नाही, डोळे आरशाकडे गेले नाहीत, आणि मागे टेकून ठेवलेल्या लोखंडी फाटकावर गाडी खाडकन आदळली.

साहेब उडी मारून बाहेर आले. त्यांचा चेहरा आनंदाने फुलला होता. "बघितलंस? मीच मारली! मी! चल, आत्ताच्या आत्ता चल माझ्याबरोबर, सगळ्यांसमोर सांग तू काय बघितलंस ते!"

मिस्त्री वळला. त्याने बंपरकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं आणि मग चटकन रस्त्याकडे नजर टाकून त्यांना गाडीच्या आडोशाला घेतलं.

"मी कुठे काय बघितलं? माझी पाठ होती," तो हलक्या आवाजात म्हणाला. "आणि असं ओरडू नका, साहेब. उभ्या गाडीला कुणीतरी ठोकून गेलं, असंच सांगू. दरवाजे पण होऊन जातील."