कुंदन आर्टिस्टची चंद्रा

पंचवटीतल्या कुंदन आर्टिस्टला गोष्ट वाचायची गरज कधीच पडली नाही. "वाचतात ते वाचक. आपण कलाकार," असं तो टपरीवर चहा पिता पिता ऐकवायचा. संपादकांनी फोनवर दोन वाक्यं सांगितली की बाईसाहेब कागदावर उतरल्याच. टपोरे डोळे, धारदार नाक, गालावर एक चुकार बट. नायिका कॉलेजकन्या असो की तीन लेकरांची आई, थोबाड तेच. शहाण्णव साली निम्मे दिवाळी अंक त्या एकट्या बाईच्या जिवावर निघाले, आणि या पठ्ठ्याला वाटायचं, ही आपली शैली.

त्याच वर्षी सायखेड्याच्या शुभांगीशी त्याचं लग्न ठरलं. होणारे सासरे कारभारी हौशी लेखक. त्यांची जन्मातली पहिली कथा एका दिवाळी अंकाने घेतली आणि चित्राचं काम जावयाकडेच आलं. निदान सासऱ्याची कथा तरी वाचावी की नाही? छे! यानं फोनच लावला.

संपादक घाईत होते. "चंद्राला घरातून घालवतात. ती दारात अडून उभी, डोळ्यांत पाणी. कारभाऱ्यांनी स्वतःचीच हकिगत लिहिलीय."

"बस्स, समजलं," कुंदन म्हणाला.

अंक सायखेड्यात पोचला. कथा होती म्हशीची, भाकड झाली म्हणून बाजारात विकलेल्या चंद्राची. पण सासूबाई झुंबरबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी चित्र पाहिलं. दारात ओल्या डोळ्यांची तरणीताठी बाई उभी.

"ही कोण वो?"

"आपली चंद्रा," कारभारी कौतुकानं बोलून गेले.

"चंद्रा तर म्हैस होती आपली."

"अगं, तीच ही."

"आस्सं. म्हशीला नाव कोणाचं ठिवलं होतं, ते आज कळलं मला."

दुसऱ्या दिवशी कारभारी पहिल्या एसटीनं पंचवटीत हजर. चेहरा पार उतरलेला. "जावईबापू, एक म्हैस काढून द्या. चित्रकाराचं चुकलं असं तुम्हीच येऊन सांगा. नायतर ती म्हणते, लग्न मोडलं."

"एवढंच ना?" कुंदन हसला. म्हैस बघायला गोठ्यापर्यंत जायचे कष्ट त्यानं अर्थातच घेतले नाहीत. बसल्या जागी काढली, रंगवली आणि सायखेड्याला नेऊन झुंबरबाईंसमोर धरली.

झुंबरबाईंनी चित्र नीट न्याहाळलं. शिंगं होती, शेपूट होती, रंगही काळा होता. मधोमध टपोरे डोळे, धारदार नाक आणि गालावर एक चुकार बट.

"तीच बया हाय ही," त्या म्हणाल्या. "शिंगं लावून आणलीय."

पुढच्या वैशाखात शुभांगीचं लग्न झालं. नवरा ओझरचा, फोटोग्राफर. त्याच्या फोटोत म्हैस म्हशीसारखीच येते.