सुलतानचा पाय

खोटं बोलायची वेळ आली तेव्हा महिपतनं सुलतानचा पाय पुढं केला. "ताई, घोडा लंगडतोय. आज नका पोरांपुढं आणू त्याला. मागच्या माळावर नेऊन बांधतो."

शर्यतीतून निवृत्त झालेल्या घोड्यांचा हा आश्रम म्हसा गावाच्या रस्त्यावर होता, आणि सरिताताई तो चालवायच्या. रविवारी कल्याणच्या शाळेतली मुलं यायची, घोड्यांना खरारा करायची, गाजरं भरवायची. नियम एकच, पण कडक: घोड्याच्या पाठीवर कुणी बसायचं नाही. कुणी बसलं, तर सांभाळणाऱ्याची, म्हणजे महिपतची, नोकरी गेली.

आणि या शहाण्यानं तर बायकोच्या, सकुबाईच्या, माहेरी शब्द देऊन ठेवलेला! चैत्रातली लग्नसराई, तिचा भाचा शेखर नवरदेव. "लोकांची पोरं जीपमधनं मिरवतात गो," महिपत बायकोला म्हणाला होता. "आपला शेखर रेसच्या घोड्यावर बसंल. मारुतीचं दर्शन, तिथनं मांडव. तासाभरात घोडा परत. कोणाला कळतंय?"

सुलतान वरातीत अगदी गरीब गाईसारखा चालला. बाजा वाजला, फटाके फुटले, पठ्ठ्यानं कानसुद्धा हलवला नाही. पण देवळाशी शेखरला हौस आली. त्यानं घोड्यावरूनच कमानीची घंटा ओढली. टणण्!

जन्मभर शर्यतीत असल्याच टणत्कारावर सुटलेला घोडा तो. सुटला! मुंबईच्या मैदानात उजव्या हातानंच वळसे घ्यायची सवय, आणि इथं देवळाभोवती छान मोकळी वाट. पहिल्या प्रदक्षिणेला वऱ्हाडानं टाळ्या वाजवल्या. दुसरीला शेखरचा फेटा गेला, तिसरीला मुंडावळ्या.

"मामा, थांबवा याला!"

"अवो, मुहूर्त जातोय ना!" सकुबाई ओरडली.

"मी काय करू? बैल असता तर शेपूट तरी पिरगाळली असती!"

गावातले म्हातारे मात्र हात जोडून उभे. "जनावराची भक्ती बगा, भक्ती!" म्हणत सावळारामबाबांनी नारळ फोडला.

नेमक्या तेव्हाच वळणावर मुलांची रांग दिसली. सुलतान नाही म्हणून मुलं हिरमुसली होती. त्यांना खूश करायला सरिताताई देवळाच्या पारावर डबे खायला घेऊन आल्या होत्या. "ए, सुलतान! सुलतान!" पोरं किंचाळली. एका पोरीनं गाजर पुढं केलं, आणि सुलतान जागच्या जागी थांबला. शेखर थांबला नाही. तो मानेवरून घसरत त्या पोरीच्या पुढ्यात येऊन बसला.

सरिताताईंनी सुलतानचे चारही पाय नीट न्याहाळले. "महिपतराव, लंगडत होता ना हा?"

महिपतनं घाईनं डोक्यावरचा फेटा सावरला. नोकरी गेली की काय! "लंगडतच व्हता ताई! मारुतीरायाला प्रदक्षिणा घातल्या, आन बगा, पाय बरा जाला!"

"बजरंगबली की जय!" सगळा गाव गर्जला. महिपतचा जीव भांड्यात पडला. एवढ्या लोकांसमोर झालेला चमत्कार, आता कोण काढतंय कामावरून?

सरिताताईंनी चपला काढल्या, देवाला नमस्कार केला. "फळला बाई माझा नवस! सकाळीच बोलले होते. सुलतानचा पाय बरा होऊ दे, आमचा महिपत तुला एकशे आठ प्रदक्षिणा घालेल."

"मी?"

"नसेल घालायच्या तर राहू द्या. उद्यापासून कामावर येऊ नका."

"नवस मोडतोस काय रं?" सावळारामबाबांनी डोळे वटारले. सकुबाईनं नवऱ्याच्या डोक्यावरचा फेटा तेवढा काढून घेतला आणि वऱ्हाडाबरोबर मांडवाकडे गेली.

ऊन रणरणायला लागलं. मांडवातून जिलेबीचा वास येत होता. मुलं पारावर डबे उघडून मोठ्यानं मोजत होती, आणि सुलतान पिंपळाखाली गाजरं खात होता.

"सत्त्याऐंशी!"

"ए, ब्याऐंशी!"

"नाही हं, सत्त्याऐंशी!" पोरांची जुंपली.

महिपत खांबाला धरून धापा टाकत होता. "ताई, सत्त्याऐंशीच! देवाशप्पथ सांगतो!"

"तुमच्या शपथेवर कसं चालेल, महिपतराव?" सरिताताई गोड हसल्या. "चला मुलांनो, पहिल्यापासून."