बापूंच्या ट्रकचं इंजिन दिघीला जातं

ट्रक चालू होणार म्हणजे होणारच! फिजिक्समध्ये एम.एस्सी. झालेल्या मुलीला एक जुनं डिझेल इंजिन जमू नये, हा मृणालच्या मते साक्षात थर्मोडायनॅमिक्सचा अपमान होता.

ट्रक तिच्या आजोबांचा, बापूंचा. एके काळी त्याने मुरूडकडची निम्मी सुपारी वाहिली. आता तो वाडीत पोफळींखाली, जेवून सुस्तावलेल्या व्याह्यासारखा बसला होता. उठायचं नाव नाही. बापूंनी अखेर भंगारवाल्याला शब्द दिला. मृणालने अबोला धरला, उपास आरंभला, आणि उपासाच्या खिचडीची तिसरी वाटी संपताना बापू विरघळले. अक्षय्यतृतीयेपर्यंत गाडी स्वतःच्या इंजिनावर फाटकाबाहेर पडली तर ती मृणालची. नाहीतर त्याच दिवशी भंगारवाला कटर घेऊन येणार.

मग तज्ज्ञाचा शोध सुरू झाला. पनवेलच्या गॅरेजवाल्याने इंजिनाचा फोटो पाहून हात जोडले. अलिबागच्या एकाने ट्रकमध्ये जास्वंद लावायचा सल्ला दिला. पण किनाऱ्यावर जिथे जिथे विचारलं तिथे एकच नाव आलं: दिघीचे भागोजी. तसली इंजिनं जिवंत करावीत तर त्यांनीच. मृणाल काही ऐकीव माहितीवर विसंबणारी नव्हती. तिने भागोजींची गिऱ्हाइकं गाठून चौकशी केली. सगळ्यांचं म्हणणं एकच पडलं, की भागोजींच्या हातचं इंजिन भर वादळातसुद्धा बंद पडत नाही. यापेक्षा मोठा पुरावा तो काय हवा!

इंजिन टेम्पोत चढलं, टेम्पो आगरदांड्याला फेरीबोटीत चढला आणि दिघीला उतरला. भागोजी मिशीला पीळ देत म्हणाले, "आपण हात लावला का मेलेलं इंजिन पन शिव्या देत उठतं."

मृणालने त्यांना पिस्टन आणि सिलिंडरमधली फट किती हवी, तेलाचा दाब किती हवा, हे मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत समजावून सांगितलं. भागोजींनी डोळे मिटून ऐकलं. त्यांनी एवढंच विचारलं, "बॉडी लाकडी का फायबर?"

"लाकडी. अस्सल सागवान."

"झ्याक," असं म्हणून भागोजींनी पाना उचलला.

पुढचे दिवस मृणालचे पाय जमिनीला लागले नाहीत. एकदा भागोजींनी फोनवरूनच इंजिनाचा पहिला धडधडाट ऐकवला, तेव्हा ती ओट्यावरून उडी मारून थेट श्यामलाकाकूच्या वाळत घातलेल्या फेण्यांत उतरली.

अक्षय्यतृतीयेला सकाळी निरोप आला: हार-नारळ घेऊन आगरदांड्याच्या धक्क्यावर या. बापू टोपी घालून, काकू हळदकुंकू घेऊन आणि मृणाल धावत निघाली. फेरीबोट लागली. तीन रिक्षा उतरल्या, एक बकरी उतरली. टेम्पो नव्हताच.

एवढ्यात लांबून धडधडाट ऐकू आला आणि बापू ताठ झाले. "हा माझा ट्रक."

"बापू, रस्ता मागे आहे."

"असेल. ट्रक पुढून येतोय."

खाडीतून एक निळी होडी पाणी कापत येत होती. धड-धड-धड! होडीच्या पुढच्या टोकावर, नाळेवर, भागोजी, लग्नाच्या वरातीत उभे राहावेत तसे उभे. होडी धक्क्याला लागली. मृणालने आत डोकावून पाहिलं आणि तिला घाम फुटला. "भागोजीकाका, रेडिएटर कुठाय?"

"अख्खी खाडी हाय की थंड करायला! तुमची होडी दिसंना, म्हणून मेव्हण्याच्या होडीत बसवून आनलं. तुमची कुठं बांधताय?"

"होडी नाही. आमचा ट्रक आहे. त्यात बसवायचं होतं."

भागोजींनी तिच्याकडे, मग बापूंकडे, मग पुन्हा तिच्याकडे पाहिलं. "ट्रकचं इंजिन ट्रकात? कोन घालतं?"

खरंच कुणी घालत नव्हतं. या किनाऱ्यावर म्हाताऱ्या ट्रकांची इंजिनं निवृत्त होऊन होड्यांत जातात, आणि भागोजींच्या उभ्या हयातीत कुणी ट्रकचं इंजिन ट्रकासाठी आणलंच नव्हतं. त्यांनी विचारलं नाही, मृणालने सांगितलं नाही. सगळं पुन्हा उलटं करायचं तर आता पावसाळ्यानंतर, असं भागोजींनी पडेल आवाजात कबूल केलं.

मृणालच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात तिचा फोन वाजला. भंगारवाला! तो कटरसकट फाटकाशी उभा होता. गाडी कापायला घेऊ का, विचारत होता.

तिने वळून पाहिलं. धक्क्यावर बापू नव्हते. धोतर खोचून ते केव्हाच होडीत उतरले होते आणि भागोजींच्या मेव्हण्याला बाजूला सारून त्यांनी सुकाणू धरलं होतं.

"त्याला सांग, हात लावायचा नाही," बापू ओरडले. "गाडी फाटकाबाहेर पडल्ये!"

मृणालने शब्दशः तसंच सांगितलं.

"ताई, गाडी तर हितं माझ्या समोर हाय."

"ती नुसती पेटी आहे," मृणाल शक्य तितक्या अचूकपणे म्हणाली. "गाडी आत्ता दिघीला चालल्ये. भरतीबरोबर परत येईल."

 मग भंगारवाल्याने अगदी हळुवार आवाजात विचारलं, "ताई, घरातलं कोनी मोठं मानूस हाय का जवळ?"

घरातलं मोठं माणूस तेव्हा भर खाडीत, तोंडाने हॉर्न वाजवत, फेरीबोटीला ओव्हरटेक करत होतं.