महादेवनानांचा काळा

पडद्यावर अंधारी रात्र येते, नायिका भेदरते, सगळं थेटर चिडीचूप होतं आणि मागच्या रांगेतून ठणठणीत आवाज येतो, “काळा गेला! करडा झाला बे, करडा!”

हे आमचे शेजारी महादेवनाना. बीडच्या एका जुन्या टॉकीजात यांनी हयातभर सिनेमा दाखवायचं मशीन चालवलं. टॉकीज पडलं, नाना घरी बसले, पण नजर काही घरी बसली नाही. लग्नाला गेले तरी स्टेजशेजारच्या व्हिडिओच्या पडद्याला नावं ठेवणार, “नवरदेव धुऊन वाळत घातल्यावानी दिसायलाय!” सिनेमात पुढून कुणी उठलं आणि पडद्यावर सावली पडली, तर नानांचा हात थेट चपलेकडे जातो.

मी मोठा टीव्ही घेतला तेव्हा नाना पेन ड्राइव्ह घेऊन आले. मला चहा करायला पिटाळलं. मी कप घेऊन आलो, तर टीव्ही बंद. “लई भारी टीव्ही हाय,” चहा फुंकत म्हणाले, “रेडिओसारखा ऐक.”

यंदा गावात नवं थेटर झालं. नाना हरखले. “लेका, या मशीनमधी ऊन उन्हावानी दिसतं अन् सावलीतलं माणूस बी दिसतं. दोन्ही एकाच टायमाला!” मग ‘माझा पेन ड्राइव्ह एकदा लावून दाखवा’ म्हणत त्यांनी मॅनेजरचा पिच्छाच पुरवला. शेवटी तो बिचारा कंटाळून म्हणाला, “या सकाळी, पहिल्या खेळाआधी.”

मीही गेलो. म्हटलं, आज मॅनेजरची चंपी बघायला मिळेल.

पडद्यावर आलं नानांच्या गावाकडच्या, नेकनूरच्या घराचं दार. घरातून मोबाईलवर काढलेलं. बाहेर रणरणतं ऊन, लिंबाचं पान न् पान लख्ख. उंबऱ्यात उन्हाकडे पाठ करून काकू उभ्या. नानांच्या पत्नी, गेल्या उन्हाळ्यात वारलेल्या काकू. हलत्या-बोलत्या अशा या एकाच व्हिडिओत उरलेल्या, आणि चेहऱ्याच्या जागी नुसता काळोख.

“बास की आता! किती काढायलाव?” काकूंचा आवाज रिकाम्या थेटरभर घुमला.

“तुज्या टीव्हीवर बी दिसली न्हाई,” नाना हळूच म्हणाले.

मॅनेजर ओशाळला. “नाना, मोबाईलनंच चेहरा टिपला नाही हो. मशीन कुठून दाखवणार?”

“पुन्यांदा लावा,” म्हणत नाना उठले. पायऱ्या उतरत थेट पडद्यापाशी गेले. काकूंच्या भल्यामोठ्या उंबऱ्याशी त्यांची एवढीशी सावली पडली, काकूंच्या चेहऱ्याइतकीच काळी.

“नाना, सावली पडायलीय!” मी त्यांच्याच सुरात ओरडलो.

नाना वळले नाहीत.

“पडू दे,” म्हणाले. “आत्ता काळा बरोबर हाय.”