डिकीतली निळी बाटली

“जयराज, ह्यात काय हाय रं?”

सुभेदार लालासाहेब, म्हणजे जयराजचे आबा, उघड्या डिकीसमोर वाकून उभे होते. फौज सुटून बरीच वर्षं झाली, तरी सकाळची तपासणी सुटली नव्हती. आधी पाण्याची मोटार, मग द्राक्षबाग, मग दारातली गाडी. आज डिकीत त्यांना पट्ट्यांनी आवळलेली एक निळी बाटली सापडली होती. वर काटा, काट्याजवळून निघालेली नळी.

अंगणात चहा पीत बसलेल्या जयराजनं कप खाली ठेवला. बाटली नायट्रसची होती. सांगलीत गॅरेज चालवणाऱ्या अजमलनं, त्याच्या दोस्तानं, ती कालच बसवून दिली होती. गियरजवळचं लाल बटण दाबायचं, अ‍ॅक्सिलरेटरवर पाय पूर्ण रेटायचा, की बाटलीतला वायू इंजिनात शिरून ही घरगुती गाडी काही क्षण पिसाळल्यासारखी पळणार. पण गाडी आबांची होती, आणि चाळीसच्या वर गाडी नेणारा माणूस आबांच्या मते एकतर दारू प्यालेला असतो किंवा पळून चाललेला.

“ऑक्सिजन,” जयराज म्हणाला. दुसरं काही सुचलंच नाही.

“कुणाला?”

“कुणाला न्हाई. आपला... असावा जवळ.”

आबांनी डिकी लावली. एरवी ते ती आपटत. आज त्यांनी ती दोन्ही हातांनी हळूच टेकवली.

त्या दुपारपासून घराचं काहीतरी बिनसलं. आईनं, शालूबाईंनी, सणवार नसताना शिरा केला. जयराज पाण्याची कळशी उचलायला गेला तर आबांनी ती हिसकावून घेतली. “बस तू. ऊन हाय,” असं म्हणून त्यांनी स्वतः खुर्ची आणून दिली. जन्मात पहिल्यांदा! बाप आपल्याशी इतकं गोड का बोलतोय, हे जयराजला कळेना. बाग काकाच्या नावावर केली की काय, अशी शंका घेऊन तो रात्री झोपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो नायट्रसची चाचणी घ्यायला निघाला. बाटलीच्या तोंडावरची चावी त्यानं उघडली, एवढ्यात मागून आबा आले. अंगात इस्त्रीचा सफारी. त्यांच्यामागून शालूबाई गादी, उशी, थर्मास आणि दोन चादरी घेऊन आल्या आणि सगळं डिकीत कोंबून मोकळ्या झाल्या. बाटली गादीखाली गायब.

“सांगलीला जाऊया,” आबा म्हणाले. “किल्ली आण. मी चालवतो.”

“आवं, पण कशाला?”

“तिथं गेल्यावर कळंल.”

शालूबाईंनी पदर डोळ्याला लावला. जयराज शेजारी बसला.

रस्त्यावर पुढं उसाचा ट्रॅक्टर होता, मागं दोन ट्रॉल्या. आबा त्याच्यामागून पंचवीसच्या चालीनं निघाले. जयराजचं सगळं लक्ष त्या लाल बटणाकडे. आबांचा हात गियरवर आला की तो दचकायचा आणि बटणावर तळवा ठेवायचा. असं तीनदा झाल्यावर आबांनी त्याच्याकडे पाहिलं. पोराला घाम फुटला होता, ओठ सुकले होते.

“दम लागलाय व्हय?”

“न्हाई आबा.”

“लाजू नगंस. आईनं बघितलंय, जिना चढताना धापा टाकतोस. आधीच सांगायचं न्हाई व्हय रं? बापाला चोरून बाटली लावून हिंडतोस?”

तेव्हा कुठे जयराजच्या डोक्यात उजेड पडला. “आवं आबा, मला काय बी न्हाई! त्यो ऑक्सिजन न्हाईच...”

“गप. बोलू नगंस, दम जातोय.” आबांनी लाल बटणाकडे बोट केलं. “ह्याच बटणानं येतोय न्हवं?”

“आबा, नगं!”

आबांनी बटण दाबलं. काहीच झालं नाही. पोराचा चेहरा मात्र आणखी पांढरा पडला. आता दवाखाना गाठायलाच हवा, म्हणून आबांनी ट्रॅक्टरला बगल दिली आणि आयुष्यात प्रथमच पाय तळापर्यंत रेटला.

गाडीनं एक हिसका दिला आणि सुटली. ट्रॅक्टर गेला. एसटी गेली. शेरडं हाकणारी एक बाई तोंड उघडून बघत होती, तीही गेली. आबांची टोपी मागच्या सीटवर जाऊन बसली.

“पाय काढा! आबा, पाय!”

“निघंना रं!”

शेवटी पाय निघाला, पण त्याआधी बॉनेटखाली फाट्‌ असा आवाज झाला. पांढरा धूर सोडत गाडी बाभळीखाली जाऊन थांबली. मग मागून तोच उसाचा ट्रॅक्टर आला आणि बापलेक गादी-उशीसह त्यावर बसून सांगलीला पोचले.

डॉक्टरीणबाईंनी जयराजची छाती पुढून तपासली, मागून तपासली. “फुप्फुसं अगदी स्वच्छ आहेत. काही झालेलं नाही याला.”

“मग बाटली?” आबांनी विचारलं.

आता खरं सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. “आबा, ती नायट्रसची हाय. गाडी जोरात पळावी म्हणून अजमलकडनं बसवली. चुकलं माझं.”

आबा डॉक्टरीणबाईंकडे वळले. “नायट्रस म्हंजी?”

“नायट्रस ऑक्साइड? आम्ही वापरतो की. दात काढताना, ऑपरेशनला. त्यानं माणसाला हसू येतं, म्हणून हसवणारा वायू म्हणतात.”

आबा खुर्चीत सावकाश बसले. औषध तर होतंच. नुसतं नाव चुकलं होतं. त्यांनी पोराच्या पाठीवर हात ठेवला.

“हसाय येत न्हाई म्हणून गॅस घेतोस व्हय रं, पोरा? एवढं कसलं दुःख हाय तुला?”

जयराजनं डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. त्यांनी ओठ दाबून खिडकीकडे तोंड फिरवलं. ते बघून जयराजचा बांध फुटला. तो पोट धरून हसू लागला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

आबांनी घाईघाईनं घरी फोन लावला.

“आगं, गुण आला! हसाय लागलाय! लय हसतोय! व्हय व्हय, अजमलकडनं आजच बाटली भरून घेतो.”

जयराजचं हसू जागच्या जागी थांबलं.

आबांनी त्याच्याकडे काळजीनं पाहिलं आणि फोन तोंडाजवळ घेतला.

“थांबलं बघ. लय येळ टिकंना. मोठीच बाटली बसवूया.”