मीटरसाहेबांचा हॉटस्पॉट

रस्ता खणणाऱ्यांनी इंटरनेटची केबल तोडली ती नेमकी मंगळवारी, सकाळी साडेदहाला. आणि सुनेची मीटिंग अकराला होती.

सून शाळेच्या बाकांचे आराखडे करायची. सहा महिने खपून तिने असं एक बाक तयार केलं होतं, की त्यावर कर्कटकाने नाव कोरायला जावं तर कर्कटकच घसरावं. चाळीस शाळा चालवणाऱ्या एका संस्थेची मंडळी अकरा ते साडेबारा ते बाक पडद्यावर बघणार होती, आणि पसंत पडलं तर चाळीसही शाळांसाठी घेणार होती. आता ती लॅपटॉप कडेवर घेऊन, रडणाऱ्या बाळाला फिरवावं तशी घरभर फिरत होती.

"माझ्या फोनला घरात रेंजच नाही. ऑफिस गाठायचं तर दीड तास. आई, काय करू हो?"

सासूबाई काही बोलणार, तेवढ्यात पेपरामागून आवाज आला. "माझा प्लान आहे ना! अमर्याद!"

पेपर खाली आला आणि तिचे सासरे, मीटरसाहेब दिसले. पाणीखात्यात एकतीस वर्षं घरोघरचे मीटर तपासून ते निवृत्त झाले होते. मीटर गेले, साहेब राहिले. खात्यात त्यांची ख्याती होती ती शेजाऱ्याला रबरी नळी जोडून पाणी देणारे पकडण्यात. एका नळाचं पाणी दोन घरांत जात असलं की म्हणे त्यांना रस्त्यावरूनच वास यायचा. पकडलेली माणसं हातघाईवर यायची. "साहेब, माझ्या नळातून पडलं की पाणी माझं. मी पिईन नाहीतर शेजारणीला देईन, तुमचं काय जातं?" त्यावर पावतीपुस्तकातून मान वर न करता साहेब म्हणायचे, "पाणी तुमचं. वाटण्याचा हक्क खात्याचा. इथे सही करा."

फोनचा हॉटस्पॉट कसा सुरू करायचा ते सुनेने दाखवलं. पासवर्ड साहेबांनी स्वतः ठरवला: 'पाणीजपूनवापरा'. गॅलरीच्या कठड्यापाशी रेंज सर्वांत चांगली, म्हणून फोन कपड्यांच्या चिमट्यांच्या टोपलीत ठेवला, टोपली दोरीला टांगली आणि खाली खुर्ची टाकून साहेब पहाऱ्याला बसले. पाच मिनिटांत आतून सुनेचा आवाज आला, "नमस्कार, माझा पडदा दिसतोय ना सगळ्यांना?" दिसत होता. साहेबांची छाती वीतभर फुगली.

केबल अख्ख्या इमारतीची गेली होती. शेजारच्या हेडबाई, म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका, दार वाजवत आल्या. त्यांची गणिताची ऑनलाइन शिकवणी भागाकारात अडकली होती. मग खालच्या मजल्यावरचे दंतवैद्य जिन्यातून ओरडले, की एका पेशंटच्या दाढेचा एक्सरे तज्ज्ञाकडे पाठवायचाय आणि पेशंट अर्धा तास तोंड उघडून बसलाय. साहेबांच्या बायकोचं मन मोठं. तिने दोघांनाही पासवर्ड देऊन टाकला.

"अहो, चालेल ना?" तिने नंतर विचारलं.

"चालेल म्हणजे? अमर्याद आहे! घेऊ दे लोकांना," साहेब म्हणाले. फोनवर 'सात उपकरणे जोडलेली आहेत' असं दिसत होतं. सात कोणकोणती, हे त्यांनी बघितलं नाही. दात्याने हात मोजायचे नसतात.

अकरा वाजून पाच मिनिटांनी टोपलीत टिंग वाजलं. साहेबांनी चष्मा चढवून निरोप वाचला. 'प्रिय ग्राहक, आपण आपले इंटरनेट इतर उपकरणांना वाटत असल्याचे आढळले आहे. यासाठी वेगळे शुल्क लागू आहे. एका तासात शुल्क न भरल्यास वाटपाची सोय बंद करण्यात येईल.'

साहेबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. प्रश्न पैशाचा नव्हता. रक्कम तशी किरकोळच होती. पण एकदा विकत घेतलेली वस्तू वापरली म्हणून पुन्हा पैसे? ते तडक कंपनीला फोन लावून बसले. एक दाबा, चार दाबा, पुन्हा एक दाबा, मधे वीस मिनिटं बासरी ऐका, असं करत करत साडेअकराला एकदाचा माणसाचा आवाज आला. मुलगी होती. आवाज इतका गोड, की भांडण सुरू करायलाच जरा जड जात होतं.

"नमस्कार सर, मी आपली काय मदत करू?"

"मदत नको, उत्तर पाहिजे. मी डेटा विकत घेतला. बरोबर?"

"बरोबर, सर."

"अमर्याद घेतला. मग तो मी माझ्या फोनवर वापरला काय, सुनेच्या लॅपटॉपवर वापरला काय, तुमचं काय जातं? माझ्या नळातून पडलं की पाणी माझं!"

"सर, डेटा आपलाच आहे. वाटण्याची सोय कंपनीची आहे."

हे वाक्य कुठेतरी ऐकल्यासारखं साहेबांना वाटलं, आणि कुठे ते आठवल्यावर ते जास्तच चिडले. "अहो बाई, पाण्याची गोष्ट वेगळी! पाणी संपतं!"

"सर, टॉवरसुद्धा दमतो. एका माणसाच्या जागी सात माणसं एकदम—"

"मग अमर्याद कशाला लिहिता? लिहा ना, अमर्याद, पण मर्यादेत!"

"सर, माझं व्यक्तिगत मत विचाराल तर..." ती क्षणभर थांबली. "पण मत द्यायची आम्हाला परवानगी नाहीये."

"मला मत नको! तुम्हाला वाटप खुपतंय ना? हे बघा, करतो बंद! आता सांगा, कुणाला वाटतोय मी?" आणि साहेबांनी तिरीमिरीत हॉटस्पॉटचं बटण बंद केलं.

"सर, जरा ऐकून घ्या, आप—"

पलीकडे एकदम शांतता.

"बघितलंस?" साहेब बायकोला म्हणाले. "तोंडच बंद झालं तिचं. मुद्दाच तसा होता."

पुढच्याच क्षणी शेजारच्या गॅलरीतून हेडबाई कडाडल्या, "हातचा दोन घेतला आणि गेलं!" खालून दंतवैद्यांची हाक आली, आणि तिच्यामागून पेशंटची, जी नुसती 'आ' अशी होती. आतल्या खोलीचं दार उघडलं आणि सून उंबऱ्यात उभी राहिली. तिने नुसतं सासऱ्यांकडे पाहिलं.

साहेबांनी घाईघाईने बटण पुन्हा चालू केलं. सून आत गेली. मीटिंगमधली मंडळी अजून थांबलेली होती, हे तिच्या "माफ करा हं, जरा तांत्रिक अडचण" यावरून कळलं. साहेबांच्या जिवात जीव येतोय न येतोय, तोच दाराची बेल वाजली.

दारात गळ्यात हेडफोन अडकवलेली, हातात उघडा लॅपटॉप घेतलेली एक मुलगी उभी होती. धावत आल्यामुळे तिला धाप लागली होती.

"काका, मी वरच्या मजल्यावर नवीन राहायला आलेय. काकूंनी सकाळी पासवर्ड दिला होता. आत्ता हॉटस्पॉट गेला होता का हो? मी घरून ड्यूटी करते, आणि ऐन भांडणात माझा ग्राहक तुटला! आधीच तो बाबा इतका भडकलेला होता..."

आवाज गोड होता. साहेबांनी दाराची चौकट धरली.

"काय म्हणत होता तो?"

"काही नाही हो, नळ आणि पाणी असलं काहीतरी..." बोलता बोलता तिचं लक्ष साहेबांच्या हातातल्या फोनकडे गेलं, तिथून दोरीवरच्या टोपलीकडे, आणि मग साहेबांच्या चेहऱ्याकडे. "अग्गोबाई," ती हळूच म्हणाली.

मग साहेबांची बायको म्हणाली, "आत तर ये, बाळ. चहा टाकलाय."

जेवणाच्या टेबलाशी बसून मुलीने सगळं सांगितलं. मधेच तुटलेल्या ग्राहकाला दहा मिनिटांत स्वतःहून फोन करायचाच, हा नियम. नाही केला तर तिच्या नावापुढे लाल फुली. "म्हणजे मला आता तुम्हालाच फोन करायचाय."

"अगं, मग समोरच बोलू की."

"नाही काका, कॉल रेकॉर्ड होतो. तुम्ही गॅलरीत जा आणि दार ओढून घ्या, नाहीतर आवाज घुमेल."

"आणि बारा वाजून पाच मिनिटांनी हे सगळं बंद पडणार, त्याचं काय? तिची मीटिंग साडेबारापर्यंत आहे."

मुलीने चहाचा घोट घेतला. "घरातल्या माणसांना दिलं तर शुल्क नाही, अशी एक सवलत आहे. प्रत्येक उपकरणापुढे नातं नोंदवावं लागतं. मी काही खोटं लिहू शकत नाही. पण ग्राहक सांगेल ते लिहायचं, असाही नियम आहे."

एकतीस वर्षांत साहेबांनी 'पाहुणे आलेत हो' हे इतक्यांदा ऐकलं होतं, की आता हे आपल्याच तोंडून कसं निघणार याची त्यांना काळजी पडली. ते गॅलरीत गेले. दार लावलं. फोन वाजला.

"नमस्कार सर, मगाशी आपला फोन तुटला, त्याबद्दल क्षमस्व." काचेपलीकडे ती ताठ बसून बोलत होती.

"हरकत नाही," साहेब घसा साफ करून म्हणाले. "ती सातही उपकरणं घरातल्यांचीच आहेत."

"छान, सर. नाती सांगता का?"

सुनेचा लॅपटॉप, सुनेचा फोन आणि बायकोचा टॅब, ही तीन खरीच असल्यामुळे झरझर झाली. चौथ्याशी गाडी अडली.

"चौथं उपकरण... थोरली बहीण."

"थोरली?" शेजारच्या गॅलरीतून हेडबाईंचं डोकं वर आलं. "मी तुमच्यापेक्षा चार वर्षांनी लहान आहे!"

"धाकटी लिहा हो. धाकटी."

"लिहिलं, सर. पाचवं? हा डेस्कटॉप दिसतोय."

साहेबांनी खाली डोकावून पाहिलं. दंतवैद्य दवाखान्याच्या दारात उभे राहून आशेने वर बघत होते. "जावई," साहेब म्हणाले.

"आपल्याला मुलगी आहे, सर?"

"नाही. एकच मुलगा." साहेब अडखळले. "म्हणजे भाचेजावई."

"त्याला भाची लागेल, सर."

"आहे ना! भाची आहे! सहावं उपकरण तिचंच आहे."

काचेपलीकडे मुलगी टाइप करता करता थांबली. सहावं उपकरण तिच्याच समोर टेबलावर होतं. "सर," ती अतिशय अदबीने म्हणाली, "भाचीचं वय साधारण किती?"

"असेल चोवीस-पंचवीस."

"आणि भाचेजावयांचं?"

साहेबांनी पुन्हा खाली पाहिलं. दंतवैद्यांचं टक्कल उन्हात चमकत होतं. "पंचावन्न."

"सर, भाचीची याला संमती आहे का?"

"साडू!" साहेब ओरडले. "त्यांना साडू लिहा! आणि सातवा साडूंचा भाऊ, त्याची दाढ दुखतेय!"

"नोंदवलं, सर," मुलगी म्हणाली, आणि हेडफोनवर हात ठेवून टेबलाखाली वाकली. तिचे खांदे बराच वेळ हलत होते. ती वर आली तेव्हा बारा वाजायला आले होते. मग पडद्याकडे बघता बघता तिचा चेहरा गंभीर झाला.

"सर, एक अडचण आहे. हे कनेक्शन आपल्या नावावर नाहीये."

"काहीतरीच काय! माझा प्लान आहे हा!"

"नोंद आपल्या मिसेसच्या नावावर आहे. कुटुंब मंजूर करायचं तर त्यांनी स्वतः फोनवर हो म्हणायला हवं."

साहेबांनी दार ढकललं. बायको कप विसळत होती. "अगं, हा प्लान तुझ्या नावावर कसा?"

"कसा म्हणजे? दुकानात गेलो त्या दिवशी तुम्ही पाऊण तास मॅनेजरशी भांडत होतात. कंटाळून मी सही करून मोकळी झाले."

"बरं, बरं. आता लवकर हो म्हण. पाच मिनिटं राहिलीत."

बायकोने हात पुसले. फोन घेतला. गॅलरीत जाऊन साहेबांच्या खुर्चीवर बसली, आणि पदर सारखा करून म्हणाली, "बोल गं."

"नमस्कार मॅडम. आपल्या कुटुंबात सहा नाती नोंदवायची आहेत." मुलीने ती एकेक करून वाचून दाखवली. बायकोने सून मान्य केली, धाकटी नणंद मान्य केली, अचानक उगवलेल्या बहिणीचा नवरा आणि त्याचा भाऊही मान्य केला. भाचीच्या नावाला तर ती काचेतून बघून हसली. आतून सुनेचा आवाज आला, "थँक यू! म्हणजे चाळीसही शाळांची ऑर्डर पक्की समजू ना?" आणि पाठोपाठ बऱ्याच जणांचं हसणं. साहेबांनी तासाभराने खांदे सैल सोडले.

"शेवटचं, मॅडम," मुलगी म्हणाली. "प्रत्यक्ष हा फोन जे गृहस्थ वापरतात, त्यांचीही नोंद लागते. ते आपले कोण लागतात?"

साहेब ऐटीत पुढे सरकले. बायकोने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत एकदा पाहिलं. सबंध इमारतीचं इंटरनेट एका झटक्यात बंद करणाऱ्या त्यांच्या बोटाकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

"सध्या तरी," ती म्हणाली, "लांबचे नातेवाईक लिही."